मोटारसायकलचे शोरूम बंद होते तेव्हा ग्राहकाला वाली कोण? : एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
मा. सचिव, अवजड उद्योग मंत्रालय, भारत सरकार
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : मोटारसायकलींची अधिकृत विक्री व सेवा केंद्रे बंद झाल्यावर ग्राहकाला सर्व्हिस आणि सुटे भाग मिळण्याची कायदेशीर हमी असावी, याबाबत.

महोदय / महोदया,

मी सातारा जिल्ह्यात राहणारा, रोजच्या कामासाठी मोटारसायकलवर अवलंबून असलेला एक ग्राहक आहे. आपल्या राज्यात मोटारसायकलचे शोरूम उघडायचे असेल तर परिवहन कार्यालयाकडून ट्रेड सर्टिफिकेट (वाहन विक्रेत्याचा परवाना) घ्यावे लागते, कंपनीशी करार करावा लागतो, जागा, कार्यशाळा आणि कारागीर दाखवावे लागतात. हेच शोरूम बंद करायचे झाले, तर ज्यांनी तिथून गाड्या विकत घेतल्या त्यांना साधे कळवण्याचेही बंधन कोणावर नाही. डीलर आणि कंपनी यांच्यातला करार संपला की व्यवहार संपला असे दोघेही धरून चालतात. त्या करारात ग्राहक कुठेच नसतो. त्याच्याच पैशावर दोघांचा धंदा उभा राहिलेला असला, तरी नसतो. ही त्रुटी दूर करणे आपल्या तिन्ही कार्यालयांच्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र आपणा तिघांना एकत्रितपणे लिहीत आहे.

शोरूम बंद होण्याचा प्रकार बहुतेक ठिकाणी एकसारखाच घडतो. आधी नव्या गाड्या दिसेनाशा होतात आणि ‘पुढच्या आठवड्यात गाडी येईल’ असे सांगून बुकिंगची रक्कम मात्र घेतली जाते. मग सुट्या भागांच्या काउंटरवर ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड अशा साध्या वस्तूही ‘मागवाव्या लागतील’ असे उत्तर येऊ लागते. चांगले मेकॅनिक एकेक करून दुसरीकडे कामाला लागतात. शेवटी एका सकाळी शटरवर कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर कंपनीचा टोल-फ्री क्रमांक असतो. त्या क्रमांकावर फोन केला की आपल्या पिनकोडवरून जवळचे केंद्र सांगितले जाते. आमच्या भागात एका नामांकित कंपनीचे शोरूम असेच बंद झाले तेव्हा मला सांगण्यात आलेले जवळचे केंद्र पुण्यात होते, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर. माझ्या सर्व्हिस पुस्तिकेत मोफत सर्व्हिसची कूपने शिल्लक होती आणि जादा पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीचा कागदही होता. त्या वॉरंटीची पावती डीलरच्या नावाची असल्याने कंपनीच्या संगणकात तिची नोंदच नाही, असे मला फोनवर सांगण्यात आले. माझे नुकसान काही हजारांचे होते आणि ते मी सोसले. माझ्याबरोबर त्याच शोरूममध्ये गेलेल्या एका तरुणाची गाडी मात्र नोंदणीच्या कागदांसाठी आणि नंबर प्लेटसाठी अडकून पडली होती, कर्जाचा हप्ता चालू होता आणि गाडी रस्त्यावर काढण्याची त्याला सोय नव्हती.

हे एखाद्या डीलरच्या बेजबाबदारपणाचे किस्से आहेत असे आपणास वाटू नये, म्हणून ज्याची सार्वजनिक नोंद आहे असा आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला इतिहास मांडतो. ह्योसंग या कोरियन कंपनीच्या मोठ्या मोटारसायकली २०११ मध्ये गरवारे मोटर्सने भारतात आणल्या आणि त्यांची जुळणी वाईच्या कारखान्यात होत असे. पुढच्याच वर्षी हा व्यवसाय पुण्याच्या डीएसके समूहाकडे गेला. याच समूहाने २०१५ मध्ये बेनेली या जुन्या इटालियन नावाच्या गाड्या बाजारात आणल्या. तीनशे सीसीपासून पुढच्या या गाड्यांनी त्या वेळी अनेक तरुणांना भुरळ घातली होती आणि पुणे, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातल्या मुलांनी कर्ज काढून त्या घेतल्या होत्या. २०१७ च्या अखेरीस समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि विक्री केंद्रे बंद पडू लागली. २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादच्या आदीश्वर ऑटो राइड या कंपनीशी, तर ह्योसंगने कायनेटिक समूहाच्या मोटोरॉयलशी नवा करार केला. सात-आठ वर्षांत एकट्या ह्योसंगच्या गाड्या तीन भारतीय भागीदारांच्या हातांतून गेल्या. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी नव्या भागीदाराने नव्या गाड्यांचे अनावरण केले. जुन्या गाड्यांचे काय, त्यांच्या वॉरंटीचे काय, जुन्या भागीदाराकडे भरलेल्या पैशांचे काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र ग्राहकाला केवळ त्या भागीदाराच्या मर्जीवर मिळत राहिली. वाईत जुळणी झालेल्या गाडीला वाईपासून तासाभराच्या अंतरावर सुटा भाग मिळू नये, याचे दुःख त्या गाड्यांच्या मालकांना अजूनही आहे.

हार्ले-डेव्हिडसनचे प्रकरण देशभर गाजले, म्हणून ते आपणास ठाऊक असेलच. २०१० पासून भारतात विक्री करणाऱ्या आणि हरियाणातील बावल येथे जुळणी करणाऱ्या या कंपनीने २४ सप्टेंबर २०२० रोजी भारतातील उत्पादन आणि विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. वाहन विक्रेत्यांची राष्ट्रीय संघटना असलेल्या ‘फाडा’च्या म्हणण्यानुसार देशातील ३५ डीलरांना याची पूर्वकल्पना दिली गेली नव्हती आणि सुमारे दोन हजार नोकऱ्या धोक्यात आल्या होत्या. महिनाभराने, ऑक्टोबरच्या अखेरीस, हीरो मोटोकॉर्पबरोबर करार झाला आणि सर्व्हिस व सुट्या भागांची जबाबदारी हीरोने घेतली. त्यामुळे हार्लेच्या ग्राहकांची पूर्ण निराधार अवस्था टळली, हे मान्य करायला हवे. तरीही बावलमध्ये तयार होणाऱ्या आणि भारतात सर्वाधिक विकल्या गेलेल्या स्ट्रीट ७५० सारख्या गाड्यांचे उत्पादन संपले, डीलरांचे जाळे नव्याने बांधले गेले आणि जिथले केंद्र गेले तिथल्या मालकाला पुढचे शहर गाठावे लागले. महोदय, लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही आहे की हा तोडगा कोणत्याही कायद्याने घडवला नाही. एका भारतीय कंपनीला त्यात व्यवसाय दिसला म्हणून तो निघाला. तसा व्यवसाय दिसला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर आपल्या कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

असेच २०२४ मध्येही पुन्हा घडले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत स्वतःला नेले. केटीएमच्या लहान इंजिनांच्या गाड्या आपल्या चाकणमध्ये बजाज ऑटो तयार करते आणि विक्रीचे जाळेही बजाजचेच असल्याने भारतातील लाखो मालकांना त्याची झळ फारशी लागली नाही. कारखाना आणि भागीदार इथलाच होता, हे त्यांचे नशीब. पूर्ण आयात होणाऱ्या गाडीच्या मालकाला तेवढे नशीबही लाभत नाही.

कोणी म्हणेल की हे हौशी लोकांचे प्रश्न आहेत, पाच-दहा लाखांची गाडी घेणाऱ्याने जोखीम ओळखूनच घ्यावी. हे म्हणणे मला मान्य नाही. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी जवळपास तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दूध डेअरीवर नेणारा, शेतावर खताची पिशवी पोचवणारा, आशा सेविकेला वाड्यावस्त्यांवर सोडणारा, कुरिअर वाटणारा, सकाळी शाळेत आणि दुपारी बाजारात जाणारा माणूस शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवरच असतो. एसटीची फेरी दिवसातून दोनदाच येते अशा गावात गाडी चार दिवस उभी राहणे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडणे. मोठ्या कंपन्यांचे तालुक्याच्या गावातले केंद्र बंद झाले तरी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरे असते, हे खरे आहे. पण नव्याने आलेल्या, विशेषतः विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बाबतीत हेही खात्रीने सांगता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला नोटीस बजावली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात त्या कंपनीविरुद्ध आलेल्या तक्रारींची संख्या १०,६४४ होती. त्यात सर्व्हिसला होणाऱ्या विलंबाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर होत्या. पुढे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या दुकानांवर कारवाई केली. नियम मोडणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की दुकान बंद करण्याचा आदेश काढताना ‘या दुकानाच्या ग्राहकांची सर्व्हिस अमुक ठिकाणी होईल’ असे लेखी घेण्याची तरतूद आपल्याकडे का नसावी? विक्री थांबवण्याचा अधिकार शासनाकडे आहे, सर्व्हिस चालू ठेवायला लावण्याचा नाही. ग्राहकाला खरी गरज असते ती या दुसऱ्या अधिकाराची.

पूर्वीही कंपन्या बंद पडत होत्या आणि लोकांनी गाड्या चालवल्याच, असे जुने जाणकार सांगतात. ते खरे आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षे रस्त्यावर धावत राहिल्या. राजदूत, लॅम्ब्रेटा, कानपूरची एलएमएल व्हेस्पा यांचेही तेच झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसणारा कारागीर जुना बुश हातात घेऊन तसाच नवा उतरवून देत असे, पिस्टनला दुसऱ्या गाडीच्या रिंगा बसवत असे, कार्बोरेटर रॉकेलने धुऊन पुन्हा लावत असे. ती गाडी समजून घ्यायला डोळे, हात आणि कान पुरेसे होते.

आजची गाडी तशी राहिलेली नाही आणि तिला तसे न राहू देण्यात शासनाचाच वाटा आहे. तो योग्यच आहे. पण त्याचा परिणाम शासनाने ओळखला पाहिजे. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना २०१८-१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष आले आणि कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन व इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आले. २०२३ पासून गाडीनेच स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची यंत्रणा अधिक काटेकोर झाली. हवा स्वच्छ राहण्यासाठी आणि जीव वाचण्यासाठी हे आवश्यकच होते. मात्र या प्रत्येक पायरीवर गावातल्या मेकॅनिकच्या हातातून दुरुस्तीचा एकेक भाग निसटत गेला. आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. एका गाडीच्या मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा सतत पेटून राहत होता. मेकॅनिकने पुढचे चाक उतरवले, सेन्सरवर बसलेला ब्रेकचा काळा बुरा साफ केला, वायरचे टोक तपासले, सेन्सर आणि कड्यामधले अंतर पातळ पत्र्याने मोजून पाहिले. दोष सापडला होता, वायर आतून तुटली होती, ती त्याने जोडलीही. पण नोंदवला गेलेला दोष पुसण्यासाठी कंपनीचा स्कॅनर लागत होता आणि तो स्कॅनर ज्या शोरूममध्ये होता, ते बंद झाले होते. बाजारात मिळणारा सर्वसाधारण स्कॅनर त्या गाडीच्या इंजिनाचे आकडे दाखवत होता, एबीएसच्या भागापर्यंत मात्र पोचत नव्हता. कसबी माणूस समोर होता, दुरुस्ती झालेली होती, आणि तरीही पावसाळ्याच्या तोंडावर तो मालक एबीएस चालू आहे की नाही याची खात्री नसलेली गाडी घेऊन घाटाकडे निघाला. ज्या सुरक्षेसाठी शासनाने नियम केला, ती सुरक्षा त्या गाडीपुरती शोरूमबरोबरच संपली.

सध्याचे कायदे ग्राहकाच्या मदतीला येत नाहीत असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही भरावे लागत नाही. उत्पादकाची जबाबदारी या कायद्याने प्रथमच स्पष्टपणे मांडली. पण ती सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी आहे. गाडी निर्दोष आहे, केवळ तिला लागणारा भाग देणारे कोणी उरले नाही, अशा वेळी कोणत्या कलमावर बोट ठेवायचे हे वकिलालाही चटकन सांगता येत नाही. बंद पडलेल्या डीलरविरुद्ध आदेश मिळाला, तरी तो वसूल कोणाकडून करायचा? कंपनी म्हणते की डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, त्याच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. डीलर म्हणतो की कंपनीने मला बुडवले.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला निर्णय या संदर्भात फार मोलाचा आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या चौदा कार कंपन्यांना आयोगाने सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व साधने खुली करण्याचा आदेश दिला. पुढे हे प्रकरण वरच्या न्यायासनांपुढे गेले. तो निर्णय मोटारींपुरता होता. दुचाकींबाबत असा विचार त्यात झालेला नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल सुरू केले. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहन क्षेत्राचा समावेश आहे, याबद्दल विभागाचे मनापासून आभार. परंतु त्या पोर्टलवर माहिती देणे हा कंपन्यांच्या इच्छेचा भाग आहे आणि जी कंपनी देश सोडून जाते, तिच्याकडून अशा इच्छेची अपेक्षा ठेवता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश शासन देऊ शकते. तो आदेश निघाला तर गाडी न्यायची कुठे? केंद्रच उरलेले नसेल तर हे चांगले कलमही कागदावर राहील.

येथे डीलरांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ग्राहकाचे आणि त्यांचे हित या बाबतीत वेगळे नाही. जिल्ह्याच्या गावातला डीलर बहुधा स्थानिकच असतो; त्याने वडिलोपार्जित जमीन गहाण ठेवून किंवा बँकेचे कर्ज काढून शोरूम उभे केलेले असते. कंपनीच्या आराखड्याप्रमाणे काच, दिवे, फरशी, फर्निचर त्याच्या खर्चाने. महिनाअखेर कंपनीचे आकडे पूर्ण व्हावेत म्हणून मागणी नसलेला माल त्याच्या गोदामात ढकलला जातो आणि त्यावरचे व्याज तो भरतो. डीलरकडे एकवीस दिवसांच्या विक्रीपुरताच साठा असावा, असे फाडा वर्षानुवर्षे सांगत आली आहे. त्यात कंपनी मॉडेल बंद करते किंवा दहा किलोमीटरवर दुसरा डीलर नेमते. अशा वेळी सर्वांत आधी कात्री लागते ती कार्यशाळेला आणि सुट्या भागांच्या साठ्याला. म्हणजे शोरूम औपचारिकरीत्या बंद होण्याच्या कितीतरी आधी ग्राहकाला मिळणारी सेवा बंद झालेली असते.

जनरल मोटर्सने २०१७ मध्ये, यूएम लोहिया या मोटारसायकल कंपनीने २०१९ मध्ये, हार्लेने २०२० मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये देशातली विक्री थांबवली, तेव्हा प्रत्येक वेळी डीलरांच्या संरक्षणाचा कायदा हवा ही मागणी फाडाने केली. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनेही अशा कायद्याची शिफारस केलेली आहे. अमेरिकेत डीलरांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १९५६ पासून आहे आणि करार संपवताना पडून राहिलेला माल व सुटे भाग कंपनीने परत विकत घ्यावेत, असे बंधन तिथल्या अनेक राज्यांच्या कायद्यांत आहे. ब्राझीलमध्ये कंपनी आणि डीलर यांच्या संबंधांचा स्वतंत्र कायदा १९७९ पासून आहे. आपल्याकडेही तो व्हावा, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र तो केवळ दोन व्यापाऱ्यांमधल्या नुकसानभरपाईचा कायदा होऊ नये. त्यात ग्राहकाला तिसरा पक्ष म्हणून नावानिशी स्थान हवे.

आता नेमके काय व्हावे, हे मला समजते तेवढे सांगतो. आपल्या देशात कोणतेही नवे मॉडेल विकण्याआधी प्रकार मान्यता घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही संस्था ते काम अनेक दशके करत आली आहे. ब्रेक, धूर, आवाज, दिवे, सगळे तपासले जाते. या मान्यतेच्या वेळीच कंपनीने किंवा आयातदाराने हमीपत्र द्यावे की या मॉडेलची शेवटची गाडी विकल्यापासून दहा वर्षे आवश्यक सुटे भाग आणि सर्व्हिस उपलब्ध राहील, आणि ती कोणामार्फत राहील. दहा वर्षांचा आकडा मी मनाने काढलेला नाही. चीनने २०१७ मध्ये मोटारींच्या विक्रीसाठी केलेल्या नियमांत, मॉडेल बंद केल्यानंतर किमान दहा वर्षे भाग आणि विक्रीपश्चात सेवा पुरवण्याचे बंधन घातले आहे. जगातला सर्वांत मोठा मोटार बाजार हे बंधन घालू शकतो, तर दुचाकींचा सर्वांत मोठा बाजार असलेल्या आपल्या देशाला ते जड जाण्याचे कारण नाही. ज्या कंपनीचा कारखाना भारतात नाही, तिच्याकडून विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात बँक हमी घ्यावी. ती निघून गेली तर त्या रकमेतून सुट्या भागांचा साठा आणि एखादे सेवा केंद्र चालू ठेवता येईल.

दुसरी गोष्ट तपासणीच्या साधनांची. कंपनी ज्या दिवशी विक्री थांबवते किंवा एखाद्या जिल्ह्यातले शेवटचे केंद्र बंद करते, त्या दिवसापासून त्या गाड्यांचे स्कॅनर, त्याची संगणक प्रणाली, भागांचे क्रमांक आणि दुरुस्तीच्या पुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना वाजवी किमतीत मिळाल्या पाहिजेत. जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय आयटीआय आहेत, तिथे दुचाकी दुरुस्तीचे शिक्षण दिले जाते. एक संच तिथे ठेवला तरी त्या परिसरातल्या मेकॅनिकांची आणि मालकांची मोठी सोय होईल. इमोबिलायझर किंवा चोरीपासून संरक्षणाच्या प्रणाली सरसकट खुल्या करू नयेत, ही कंपन्यांची रास्त हरकत आहे. त्यासाठी मालकाची ओळख पटवून काम करण्याची पद्धत ठरवता येईल.

तिसरी विनंती पैशांबाबत. बुकिंगची रक्कम, नोंदणीसाठी आणि विम्यासाठी घेतलेले पैसे, वाढीव वॉरंटी, वार्षिक सर्व्हिसचे पॅकेज, हे सर्व डीलर कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या फलकाखाली घेतो. ग्राहक पैसे देतो ते त्या फलकाकडे बघूनच. त्यामुळे डीलर बुडाल्यास ही देणी कंपनीने भागवावीत आणि नंतर डीलरकडून ती कशी वसूल करायची हे आपल्या करारात बघावे. ही अट ग्राहक संरक्षण कायद्याच्या चौकटीत मार्गदर्शक सूचना काढूनही लागू करता येईल का, याचा विचार केंद्रीय प्राधिकरणाने करावा.

अशा अटी घातल्या तर विदेशी कंपन्या येणार नाहीत, गाड्या महागतील, अशी हरकत घेतली जाईल. त्यात थोडे तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. हमीचा खर्च शेवटी किमतीत येतोच. पण आज तोच खर्च, किंबहुना त्याहून अधिक, शोरूम बंद पडलेल्या गावातला ग्राहक एकटा सोसतो : टेम्पोत घालून गाडी पुण्याला नेण्यात, बाहेरून दुप्पट भावाने भाग मागवण्यात, आणि शेवटी चांगली गाडी मातीमोल भावाने विकण्यात, कारण ‘कंपनी गेली’ हे कळताच जुन्या बाजारात त्या गाडीला कोणी विचारत नाही. हा खर्च सगळ्या गाड्यांवर थोडाथोडा विभागला गेला तर कोणालाच जड होणार नाही. फोर्डने विक्री थांबवताना भाग आणि सर्व्हिस चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते, म्हणजे कंपन्यांना हे करता येते. मग ते आश्वासन कंपनीच्या सौजन्यावर का सोडावे?

परिवहन आयुक्तांना माझी स्वतंत्र विनंती आहे, कारण त्यांना केंद्राच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. मोटार वाहन नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीने ट्रेड सर्टिफिकेटची मुदत बारा महिन्यांवरून पाच वर्षे झाली. कारभार सुटसुटीत झाला हे चांगले झाले, पण दरवर्षी डीलरची स्थिती कार्यालयाच्या नजरेखालून जात असे, तीही संधी गेली. म्हणून डीलरने व्यवसाय बंद करताना किमान नव्वद दिवस आधी परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे आणि प्रलंबित नोंदण्या, नंबर प्लेट व घेतलेल्या आगाऊ रकमांची यादी सोबत द्यावी, अशी अट सर्टिफिकेट देताना घालता येईल. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी डीलरचीच आहे. तेव्हा डीलर गेला तर ती कोण पार पाडणार, हेही आधीच ठरलेले असावे. वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत प्रत्येक मालकाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे आणि कोणत्या कंपनीच्या किती गाड्या कोणत्या कार्यालयात नोंदल्या आहेत हेही तिथे दिसते. एमएच-११ (सातारा) मधले एखादे केंद्र बंद होत असेल, तर त्या गाड्यांच्या मालकांना पुढचे केंद्र, तिथला संपर्क आणि वॉरंटीचे काय होणार हे सांगणारा मराठी संदेश पाठवणे अवघड नाही. डीलरच्या दारावर पोचल्यावरच शटर दिसावे, ही वेळ तरी येणार नाही.

फाडाची मागणी आणि स्थायी समितीची शिफारस यांवर अवजड उद्योग मंत्रालयाने आजवर काय कार्यवाही केली, हे जाहीर करावे, आणि ग्राहकाच्या हक्काचे प्रकरण त्यात अंतर्भूत करून नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही विनंती. तो मसुदा मराठीतूनही उपलब्ध व्हावा, म्हणजे ज्यांच्या गाड्या आज तालुक्यातालुक्यांत भागांअभावी उभ्या आहेत ते मालक, त्या दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि शोरूम गमावलेले डीलर आपापले अनुभव त्यावर नोंदवू शकतील. माझ्या वाढीव वॉरंटीची पावती आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार मी जपून ठेवला आहे. आपल्या कोणत्याही कार्यालयाने मागितल्यास तो सादर करीन.

कळावे,
आपला नम्र,
एक दुचाकीस्वार ग्राहक,
जिल्हा सातारा